भागुबाईंच्या काढ्याचा पेला

भागुबाईंना रजा म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. रेवसच्या वाटेवरच्या निवासी शाळेत मुलींसाठी त्या एकोणीस वर्षं जेवण रांधतात. कंबर धरलेली असो की अंग मोडून आलेलं, बाई स्वयंपाकघरात हजर. घरी जा म्हटलं की आम्हालाच ऐकवायच्या, "मी न्हाय आले तर माज्या पोरींना कोन वाढील?"

या जुलैत तिथे फ्लूची साथ आली. आठवड्यात चाळीस मुली तापानं फणफणल्या. पाचवीतली राही तर अलिबागला ऑक्सिजनवर. मी तिथल्या आरोग्य केंद्रातली आरोग्यसेविका, शाळेत माझं नेहमीचं येणंजाणं. साथ कशी पसरली ते शोधायला डॉक्टरांनी मला पाठवलं. मुख्याध्यापकांनी थेट पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. अहो, फ्लू काय टाकीतून येतो? माझं डोकंच फिरलं.

खोल्या पाहिल्या, खाटा पाहिल्या. आजारी मुली सगळ्याच खोल्यांत. शेवटी वैतागून मी उलटंच विचारलं, "आजारी कोण नाही पडलं?" अकरा जणी पुढे आल्या, त्याही चोरासारख्या. त्यातली अमिषा हळूच म्हणाली, "सिस्टर, भागुमावशीला सांगू नका हं. काढ्याच्या वेळी आम्ही संडासात लपतो."

तशीच स्वयंपाकघरात गेले. भागुबाई खोकत खोकत गुळवेलीचा काढा उकळत होत्या.

"हा रोज पाजता?"

"व्हय तर! कडू लागतो, पोरी तोंडं वाकडी करतात. म्हनून आधी मी घोट घेऊन दाखवते, मंग त्याच पेल्यातनं एकेकीला पाजते. हातात दिला तर मोरीत वततील सटव्या."

"आणि तुमचा खोकला कधीचा?"

"साथीच्या आधीचा. ताप बी व्हता. त्याचं काय कवतिक?"

मला ओरडावंसं वाटत होतं. पण त्या तोंडाकडे बघून ओरडणार कशी? त्यांना पाटावर बसवलं आणि सांगून टाकलं. मावशी, फ्लू आधी तुम्हालाच झाला होता. तुमच्या खोकल्यातून गेला, त्या पेल्यातून गेला.

त्यांनी पेला उचलून पालथा घातला. मग म्हणाल्या, "राहीनं थुंकला व्हता गं. मी धरून परत पाजला. अशक्त हाय म्हनून तिला रोज दोनदा पाजायची."