चुगलीचा डबा आणि दगाभाऊचं कुलूप

दगाभाऊसारखा संशयी माणूस सुरतेच्या अख्ख्या लिंबायतमध्ये सापडायचा नाही. प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगणार, मग तोंडात टाकणार. लकव्यानं पडलेल्या आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावणार आणि ते तीनदा ओढून बघणार. खोलीला खोली लागून, तरी पाच वर्षांत त्यानं आमच्याकडे साधी दुधाची पिशवी ठेवायला दिली नाही. मला भारी राग यायचा. आम्ही काय चोर आहोत?

माझा नवरा चिंधा आणि दगाभाऊ उधन्याच्या एकाच कारखान्यात कापड विणायचे लूम चालवायचे. दोघंही पारोळ्याकडचे. सत्त्याण्णव साली शेठनं तिथे कॉम्प्युटर आणला. मशिनी चोवीस, तीन कंपन्यांच्या, कुठली जुनी, कुठली नवी. प्रत्येकीची वायर वेगळी, इशारा वेगळा. म्हणून बडोद्याच्या इंजिनियरनं मध्ये एक डबा बसवला. हे मला समजावत होते, "सगळ्या मशिनी आपापल्या भाषेत बोलतात. डब्यातला प्रोग्राम ते सगळं एका भाषेत करून कॉम्प्युटरला सांगतो. कोणती मशीन किती वेळ बंद, शेठला खुर्चीत बसून दिसतं."

"माय वं! म्हणजे चुगलखोरच की," मी म्हटलं.

दगाभाऊ तर त्या डब्याभोवती घिरट्याच घालायला लागला. वायरी बोटानं मोजायचा, इंजिनियरला खोदून खोदून विचारायचा. आणि महिनाभरात शेठनं ह्यांना बोलावलं. एकवीस ते चोवीस नंबरच्या मशिनी रोज दुपारी दोनला अर्धा तास बंद असतात, त्या तुझ्या. कुठे जातोस? सोमवारपर्यंत खरं सांग, नाहीतर मंगळवारपासून येऊ नको.

हे पोरांची शपथ घेऊन म्हणाले, मी जागचा हललो नाही. मी आधी ह्यांचाच संशय घेतला, खोटं कशाला बोलू? खिसे तपासले, शर्ट हुंगला. काही सापडेना, तेव्हा माझं डोकं दगाभाऊकडे वळलं. मी घरात बसून साड्यांना टिकल्या लावते. रोज दोनला त्याची सायकल दारावरून जाताना दिसायची. कामाच्या वेळेला हा घरी येतो आणि शेठ त्याला चकार शब्द बोलत नाही? आईचं नुसतं निमित्त. हाच शेठचा माणूस, ह्यानंच डब्यात काहीतरी फिरवून आमच्यावर ढकललं. नळावर पाणी भरताना मी हे दहा बायांना सांगितलं. त्याच्या तोंडावरही म्हटलं, "दगाभाऊ, आमच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळालं?"

त्यानं कुलूप ओढून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि गेला.

सोमवारी हे शेठसमोर उभे होते, तेवढ्यात दगाभाऊ आत शिरला. आमच्या लोकांत दसऱ्याला ज्या मशिनीपुढे नारळ फुटतो, ती एक नंबर. ती पार मागच्या भिंतीपाशी, आणि तिच्यापासूनच्या चार मशिनी दगाभाऊच्या. इंजिनियरनं मात्र ऑफिसच्या दारापासून मोजायला सुरुवात केली होती. दगाभाऊनं शेठला पडद्यासमोर बसवलं आणि जाऊन आपली एक नंबर बंद केली. पडद्यावर चोवीस नंबर लाल झाला.

"दो बजे मैं जाता हूँ, शेठ. माँ को खिलाने. चिंधा नहीं."

ह्यांचं काम राहिलं. दगाभाऊचं गेलं.

हे सांगत होते आणि माझ्या हातातली टिकली हातातच राहिली. रोज दोनला भिंतीपलीकडे ताटलीचा आवाज यायचा, म्हातारी कण्हायची, तो तिला लहान पोरासारखं चुचकारायचा. मी ऐकत होते की सगळं! तरी मी मेलीनं नळावर जाऊन काय काय सांगितलं.

तीन दिवसांनी तो दारात आला. "वहिनी, कडोदऱ्याला काम मिळालं. लांब पडतं, दुपारी येता येणार नाही. दोनला आईला दोन घास भरवाल का?"

मला रडूच फुटलं. "भाऊ, मी तुम्हाला काय नाही नाही ते बोलले..."

"राहू द्या ते. तिला ताक आवडतं, पण थंड देऊ नका."

त्यानं आपल्या दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि सायकलवर बसला. त्या दिवशी कुलूप एकदाही ओढून बघितलं नाही.