अंगठ्याखालचा आकडा

चाळीस वर्षं मी शिंपी म्हणून लोकांच्या कमरा मोजल्या आणि त्यातल्या निम्म्या खोट्या सांगितल्या. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं असतं, दुकानात आणखी चार माणसं असतात. अशा वेळी "बेचाळीस" पुकारायला मी काही त्याचा वैरी नव्हे. मी मोठ्याने "अडतीस" म्हणायचो. बायको वही घेऊन शेजारी उभी असायची. टेपवर माझा अंगठा कुठे दाबलाय ते बघून ती खरा आकडा लिहायची. गिऱ्हाईक खूश, आणि पँटही नीट बसायची.

मग माझंच लिव्हर कामातून गेलं. तेही दारूच्या थेंबाशिवाय. हे मी कोणी न विचारता सगळ्यांना सांगतो आणि कोणीच विश्वास ठेवत नाही. पोटात पाणी साठायचं. पहिल्यांदा डॉक्टरांनी सुई घालून ते काढलं, तेव्हा दिवसभर सुयांशी खेळणारा मी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो. घरी सोडताना नर्सने बायकोच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज सकाळी पोटाचा घेर भरायचा. वाढला की हॉस्पिटलला आपोआप कळणार.

मी टेप गुंडाळायचो, "चाळीस" म्हणायचो, ती मोबाईलची बटणं दाबायची. पंधरा दिवस झाले, तरी चाळीसच. पँट दोनदा उसवून सैल केली, बूट घालताना धाप लागायला लागली, तरी चाळीस. मला ती सुई नको होती. शिवाय एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला गंडवतोय याचा, खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटत होता.

सोमवारी दुकानात फोन आला. नर्स म्हणाली, "काका, आजच भरती व्हा. आठवड्यात तीन इंच वाढलंय."

"तुमचं ॲप बिघडलंय," मी रुबाबात म्हणालो. "चाळीस वर्षं टेप धरतोय मी."

"मग तुम्हाला कळलंच असेल, काका."

बायकोने शटर ओढलं आणि टेबलाखालून माझी पिशवी काढली. ती आधीच भरलेली होती.

साडेपाच लिटर पाणी निघालं आणि त्यात जंतूही सापडले. आणखी चार दिवस घरी काढले असते तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "त्या ॲपला कसं कळलं गं?"

"तुम्ही पुकारलेला आकडा मी कधी लिहिलाय?" ती म्हणाली.

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर टेपच लपवली असती तुम्ही."

तोंड रोज खोटं बोलत होतं, पण अंगठा सवयीने बरोबर आकड्यावरच दाबलेला असायचा. कसब शाबूत होतं, अक्कल तेवढी गेली होती. मला रडू आलं आणि ते लपवायला मी कूस बदलली.

आता घरी आहे. आज टेप गुंडाळली आणि खरोखरच चाळीस भरलं. मी छातीठोकपणे "चाळीस" म्हणालो. तिने चष्मा लावला, वाकून अंगठ्याखाली बघितलं आणि मगच बटणं दाबली.