सोलरवरचा नारळ

श्री. मानसिंग ज्ञानदेव शेडगे, सुभेदार (निवृत्त). मूळ राहणार कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा. हल्ली मुक्काम विश्रामबाग, सांगली. कॉलनीच्या देखभाल व दुरुस्ती समितीचे संस्थापक अध्यक्ष. निर्व्यसनी, वक्तशीर, शिस्तप्रिय. सैन्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये प्रदीर्घ सेवा. सौर ऊर्जेचे पुरस्कर्ते. रोज पहाटे अनशापोटी तांब्याभर गरम पाणी प्राशन करतात. सदर पाणी सोलरचे असते, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास स्वतः सांगतात.

या वर्णनातलं शेवटचं वाक्य त्यांची सून राजेश्वरी हिला पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र तिला बाळंतपणाहून परतल्यावर लागला.

तिचं माहेर जतचं. तिकडे टँकर आला की बाई आधी हंड्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधणार, मग पाणी घेणार. पाणी कमी, पण गाळलेलं. अडीच महिन्यांच्या शिवांजलीला घेऊन ती सांगलीला आली आणि पहिल्याच सकाळी सोलरच्या गरम पाण्याच्या बादलीवर वाकली, तर खवट खोबऱ्याचा वास आला. त्याच्याखाली आणखी एक वास होता, गटारीत पडून राहिलेल्या हारांचा. तिनं नळाला धोतराचा तुकडा बांधला. थोड्या वेळानं सोडला, तर त्यावर पांढरे खपले, शेंबडासारखं काहीतरी हिरवट आणि काळे केस. केस माणसाचे नव्हते, एवढंच तिला कळलं.

फडकं तिनं सासऱ्यांच्या पोह्यांशेजारी नेऊन ठेवलं.

"मामा, हे बघा."

मानसिंगरावांनी चष्मा लावला. "खार हाय त्यो. बोअरचं पानी. हाडांला चांगला."

"आणि हे काळं?"

"त्यो बी खारच. जुना."

"वास येतोय, मामा."

"नव्या आईला समद्याचाच वास येतो," असं म्हणून त्यांनी फडकं बोटांनी बाजूला सारलं आणि त्याच बोटांनी पोह्यातली मिरची काढली.

नवरा जयराज पुण्यात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "अगं, आबा आर्मीत मेंटेनन्सलाच होते." त्या घरात हे वाक्य आलं की विषय संपायचा.

मग राजेश्वरी बाळापुरतं थंड नळाचं पाणी गॅसवर तापवू लागली. मानसिंगराव स्वयंपाकघरात यायचे, पातेलं बघायचे आणि गॅस बंद करायचे. ती पुन्हा लावायची. आठवडाभर हे असं चाललं. शेवटी त्यांनी हुकूम काढला.

"रविवारी समिती येनार हाय, आपलं सोलर बघायला. आदर्श घर म्हनून पाटी लावायची हाय दारावर. तवा बाळाची आंघोळ समितीच्या म्होरं, सोलरच्या पान्यानं. बघूंदेत की."

"लेकराची आंघोळ काय परेड आहे, मामा?"

"घरात सोलर असताना गॅसवर पानी तापवतीस. कॉलनी काय म्हनंल?"

ते केस लेकराच्या अंगावरून ओघळताना राजेश्वरीला डोळ्यांपुढे दिसले. रविवारी सकाळी बाळ झोपल्यावर ती गच्चीवर गेली. लग्न झाल्यापासून सोलरपाशी तिला कोणी जाऊ दिलं नव्हतं. ते देवाच्या बाजूचं होतं.

म्हणजे असं, की फौजेत मानसिंगराव गाडीचं बॉनेट उघडायचे. घरी आल्यावर नुसतं हळदीकुंकू वाहायला लागले. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर सोलरचीही पूजा व्हायची. टाकी आतून धुवा, क्षार काढा, काचा पुसा, असं बसवणारा माणूस सांगून गेला होता. टाकीवरचा उभा पाइप वाफेसाठी उघडा ठेवा, हेही तो बोलला होता. पण उघडं तोंड मानसिंगरावांना बरं दिसलं नाही. त्यांनी त्यावर विड्याची पानं मांडली, वर नारळ ठेवला आणि पडू नये म्हणून फौजी हातानं तारेनं आवळला. झाला कलश. पुढच्या नवमीपर्यंत तो हलवायचा नाही, आणि नवमीला त्याच्या जागी नवा.

काचांवर धूळ आणि कबुतरांची घाण यांचं एक जाड पीठ बसलं होतं. टाकीच्या गळ्यात अनेक दसऱ्यांचे झेंडू, एकावर एक, कुजून तपकिरी लगदा झालेले. नारळ शेंडीच्या केसांसकट काळा पडला होता आणि त्याला बुरशीची दाढी आली होती. राजेश्वरीनं पदर नाकाला लावला आणि तार सोडली.

खाली समिती आली होती. समिती म्हणजे अध्यक्ष सोडून उरलेले एकटे नानासो. त्यांचा चहा पिऊन झाला होता.

"चहा बी सोलरच्या पान्याचाच," मानसिंगराव सांगत होते. "मी सोता आधण ठेवतो. निम्मा गॅस वाचतो."

"येगळीच चव हाय, पर," नानासो म्हणाले.

तेवढ्यात राजेश्वरीनं ताट आणून टीपॉयवर ठेवलं. पूजेतली वस्तू, म्हणून ताटातच आणली होती.

नानासो मागे सरकले. "ह्ये काय गं?"

"टाकीवरचा कलश."

"तू हात लावलास?" मानसिंगरावांचा आवाज चढला. "नवमीपतूर हलवायचा नसतोय."

"हलवला नाही, मामा. तार सोडली, तर अर्धाच हातात आला. खालचा भाग पाइपात गेलाय."

"पाइपात."

"आणि पाइपातून टाकीत. आधीच्या नवम्यांचे नारळ पण तसेच गेले असतील. पानांसकट, फुलांसकट."

नानासोंनी रिकाम्या कपात बघितलं. "अध्यक्ष, ह्ये चहात हुतं व्हय?"

"उकाळलेलं हाय," मानसिंगराव म्हणाले; पण तोवर त्यांची नजर खिडकीतल्या पितळी तांब्याकडे गेली होती. राजेश्वरीही तिकडेच बघत होती. ते उठले, बेसिनपाशी गेले, चूळ भरायला सवयीनं गरम पाण्याचाच नळ सोडला, आणि ओंजळ तोंडाला लावणार तोच थांबले. ओंजळीत एक काळा केस तरंगत होता.

आत बाळ रडायला लागलं. राजेश्वरीनं गॅसवर पातेलं चढवलं. तो बंद करायला कोणी आलं नाही.

टाकी आजच धुऊन घ्यायची, असं समितीनं एकमतानं ठरवलं. नानासोंनी खिशातून मोबाइल काढला.

"सांगा नंबर, अध्यक्ष. प्लंबरचा."

अध्यक्षांकडे प्लंबरचा नंबर नव्हता.