भिंतीआडचा वारा

पडदे शिवणाऱ्या बाईचा गुहांशी काय संबंध, असं तिला पुष्कळांनी विचारलं. "पिशवीमुळे झालं सगळं," ती म्हणायची.

तिचं दुकान सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून होतं, आणि सायकलवाल्याच्या माडीवर गुहांत हिंडणाऱ्या लोकांचं मंडळ भरायचं. एका दुपारी त्यातला एक आडव्या अंगाचा गृहस्थ, धंद्याने बेकरीवाला, चिखलाने माखलेली जाड कापडाची पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. पिशवी बुडाकडून किसणीवर घासल्यासारखी निघाली होती.

"हे कशानं झालं?" तिने विचारलं.

"दगडानं."

"आणि तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पिशवीच्या मागोमाग." त्याने पोटावर थाप मारली. "मीही थोडा किसला गेलो. पण माझ्याकडे माल भरपूर आहे."

ती खूप दिवसांनी अशी खळखळून हसली. पिशवीच्या बुडाला तिने दुहेरी कापड लावलं, वरून चामड्याची पट्टी मारली, आणि पिशवी परत देताना म्हणाली, "जिथे हिचे हे हाल झाले ती जागा बघायची आहे मला."

तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. मुलगी शिकायला दूर गेली होती, आणि शिवणयंत्रावर बसून बसून पाठीला बाक यायला लागला होता. अंगाने ती अशी की सासू म्हणायची, सुनेला वाळत घातलं तर चिमटा लावावा लागेल. मंडळात तिचं नाव पहिल्याच महिन्यात पडलं: सुई. जिथून कुणी जाणार नाही तिथून ही जायची, आणि मागे दोरा सोडावा तसा दोर सोडत जायची.

पहिल्या खेपेला मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चारी हातापायांवर रांगताना गुडघे सोलवटले, मानेवरून गार पाणी थेट कमरेपर्यंत गेलं, आणि आपण हे कुणाच्या सांगण्यावरून करतोय तेच तिला आठवेना. मग एका दालनात मंडळाचे सर (भूगोलाचे निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातलाच) म्हणाले, "आता सगळ्यांनी दिवे बंद करा."

घरातल्या अंधाराला दाराखालची फट असते, रस्त्यावरचा दिवा असतो. या अंधाराला काहीच नव्हतं. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तिला पापणीला बोट लावून बघावं लागलं. कुठेतरी थेंब पडत होता. बऱ्याच वेळाने सरांनी एकच दिवा लावला आणि वर धरला. छतापासून पांढऱ्या दगडाच्या झालरी लोंबत होत्या. चुण्यांवर चुण्या, इतक्या पातळ की उजेड आरपार जात होता. जन्मभर पडद्यांना चुण्या घातलेल्या त्या बाईचा हात आपसूक पुढे झाला.

"हात नाही लावायचा," सर हळूच म्हणाले. "हाताचं तेल लागलं की तिथे दगड वाढायचा थांबतो. माणूस जन्माला यायच्या आधीपासून या थेंबाचं काम चाललंय, आणि अजून संपलेलं नाही."

"आणि माझी गिऱ्हाइकं मंगळवारच्या जागी बुधवार झाला तर भांडतात," ती पुटपुटली. सगळे हसले, पण ती वर बघतच राहिली. मान दुखली तरी बघतच राहिली.

त्यानंतर ती मंडळाचीच झाली. दर गुरुवारी संध्याकाळी माडीवर जायची. तिथे भिंतीवर हेल्मेटं टांगलेली, खिडकीतून ओले दोर खाली सोडलेले, जिन्यावर वाळलेल्या चिखलाचा चुरा. नकाशांवरून भांडणं अशी पेटायची की वाटावं आता डोकी फुटणार, आणि बेकरीवाल्याने गरम पावांचा डबा उघडला की सगळी शांत. शेजारच्या शहरातल्या मंडळाशी तर कायमचं वाकडं होतं. एक भुयार आधी कुणी शोधलं यावरून दोन्ही मंडळांत बोलाचाली बंद होती. नियम थोडके होते, पण त्यात कुणाची गय नव्हती. एकट्याने आत जायचं नाही. दिव्यांची जोडी डोक्यावर आणि तिसरा दिवा खिशात. आणि बाहेर कुणीतरी एक माणूस असा ठेवायचा, ज्याला आपली परतायची वेळ ठाऊक आहे आणि ती टळली की जो स्वस्थ बसणार नाही.

तिचा नवरा टपाल कचेरीत होता. तो म्हणायचा, "जमिनीखाली एक दिवस सगळ्यांनाच जायचंय. तुझीच एवढी घाई का?"

अपघात झाला त्या दिवशी ती गुहेत नव्हती, दुकानात होती. बेकरीवाला, सायकलवाला आणि सिस्टर असे तिघे आत गेले होते. सिस्टर म्हणजे दवाखान्यात परिचारिका असलेली मंडळाची जुनी सभासद. दुपारी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका शांत होता की तिने यंत्र थांबवलं.

"भट्टीवाला अडकलाय," सर म्हणाले. मंडळात बेकरीवाल्याला हेच नाव होतं. "बाजूच्या एका बुटक्या खोलीत तो सगळ्यांच्या आधी शिरला, आणि तोंडाशी असलेली शिळा घसरली. पाय मोडलाय. तो आत, बाकी दोघे बाहेर. सायकलवाला मदत मागायला वर आला, सिस्टर तिथेच थांबलीये. शिळेच्या बाजूला एक फट उरलीये. त्या फटीतून सिस्टरचा खांदाच जातो. तू नाही म्हणालीस तर तुला कुणी एका शब्दाने बोलणार नाही."

समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि यंत्रावर अर्धा दुमडलेला पडदा. "बाई, आमचं काम?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"उद्या," ती म्हणाली, आणि जाड सुया नि दोऱ्याचं रीळ खिशात टाकून निघाली. ते का घेतलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

फटीपाशी पोचली तेव्हा सिस्टर दगडाला गाल लावून आत बोलत होती. सुईने हेल्मेट काढलं, एक हात पुढे केला, दुसरा अंगाशी ठेवला आणि डोकं आडवं करून आत घातलं. खांदे गेले. छाती अडकली. दगड पुढूनही होता आणि पाठीमागूनही, आणि श्वास घेतला की तो आणखी घट्ट होत होता. आता आपण पुढेही नाही आणि मागेही नाही, हे कळल्यावर तिचं काळीज असं धडधडायला लागलं की दगडच धडधडतोय असं वाटावं.

"सुईताई," मागून सिस्टर म्हणाली, "घाई नको. श्वास सोड. सगळा सोड. आता बोटभर सरक."

तिने सोडला. सरकली. पुन्हा सोडला, पुन्हा सरकली. पोशाखाची बटणं तुटून खाली पडल्याचं तिला ऐकू आलं. आणि एकदम कंबर मोकळी झाली, ती पलीकडे तोंडावर आपटली, आणि अंधारातून आवाज आला, "यावं, यावं. जागा जरा अडचणीची आहे."

बेकरीवाला भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळलेला. सिस्टरने फटीतून एकेक वस्तू आत सरकवली: ब्लँकेट, औषध, छोटी शेगडी, फोमची पथारी. आणि सूचनाही तिथूनच दिल्या. "पाय सरळ करायचा प्रयत्न करू नकोस. आहे तसा धर, भोवती पथारी गुंडाळ. हलता कामा नये."

पथारी गुंडाळली, पण बांधायचे पट्टे ओले होऊन निसटत होते. तेव्हा तिचा हात खिशात गेला. "दादा, हलू नका," असं म्हणत तिने पथारीच्या कडा एकमेकींवर घेतल्या आणि मांडीपासून टाचेपर्यंत पक्क्या टाक्यांनी शिवून टाकल्या. बेकरीवाल्याचे डोळे पाण्याने भरले होते, तरी तो म्हणाला, "आत अस्तर लावलंस का?"

"अस्तराचे वेगळे पडतील."

मग थांबण्याशिवाय काही नव्हतं. पलीकडून छिन्नीचे ठोके सुरू झाले होते. फट माणसाएवढी करायची होती, आणि तीही वरची शिळा न हलवता. दिवे जपायला हवेत म्हणून तिने आपला बंद केला. थंडी हाच खरा वैरी होता. ती त्याला पाठीमागून ब्लँकेटसकट मिठी मारून बसली, जशी आई तापलेल्या पोराला घेऊन बसते. अधूनमधून शेगडी पेटवून साखरेचं गरम पाणी त्याला घोट घोट पाजत होती. तो बोलत होता तोवर ठीक होतं. त्याने पीठ कसं फुगतं ते सांगितलं, बायको पहिल्यांदा कशी भेटली ते सांगितलं, पुन्हा पीठ कसं फुगतं ते सांगितलं. गप्प झाला की ती त्याला हलवायची. "दादा, पुढे काय झालं?"

अशाच एका वेळी, शेगडीच्या निळ्या उजेडात, तिला ते दिसलं. पेल्यातली वाफ सरळ वर जात नव्हती. वाकून, एका रेषेत, मागच्या भिंतीकडे जात होती आणि दगडांच्या सांध्यात नाहीशी होत होती. तिने तिथे ओला तळहात धरला. गार वारा बोटांमधून आत जात होता. सावकाश, न थांबता. जणू भिंतीपलीकडे काहीतरी प्रचंड मोठं निजलेलं आहे आणि श्वास आत घेतंय.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती म्हणावी तर ती नव्हती. एवढ्याशा बिळात, मोडक्या पायाच्या माणसाला कवटाळून बसलेली असताना तिला वाटलं, आपण दाराशी बसलोय.

"दादा, इथून वारा आत जातोय."

"मग थोडं सरक," तो पुटपुटला, "थंडी वाजते." आणि जरा वेळाने, अगदी जागा होऊन म्हणाला, "आत जातोय?"

छिन्नीच्या मागून आता अनोळखी आवाज यायला लागले होते. फट पुरेशी रुंद झाली तेव्हा पहिलं डोकं आत आलं ते शेजारच्या शहरातल्या मंडळाच्या प्रमुखाचं. तोंड दगडाच्या भुकटीने पांढरं, हाताच्या फोडांतून रक्त. बोलाचाली बंद असलेला तो माणूस म्हणाला, "ताई, आता तुम्ही बाहेर व्हा. पुढचं आमच्याकडे."

पण पुढचं तिने डोळ्यांनी पाहिलं, आणि ते ती कधी विसरली नाही. बेकरीवाल्याला स्ट्रेचरवर बांधलं, तर वाटेत अणकुचीदार दगडांचा उतार. त्यावरून स्ट्रेचर उचलून न्यायला उभं राहण्याएवढी उंचीच नव्हती. कुणी हुकूम दिला नाही. ती माणसं एकेक करून त्या दगडांवर पालथी झोपली, खांद्याला खांदा लावून, आणि स्ट्रेचर त्यांच्या पाठींवरून सरकत गेलं. पाठीवरून ओझं पुढे गेलं की मागचा उठायचा, सरपटत पुढे जायचा आणि पुन्हा झोपायचा. कोण कुठून आलं होतं! कुणी रात्रभर गाडी चालवून, कुणी कामावर खाडा करून. निम्म्यांनी बेकरीवाल्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या भारी माणसाखाली कुणी कण्हलं, पण जागचं हललं नाही.

बाहेरच्या दालनात दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत तिला एक ओळखीची पाठ दिसली. अंगात टपाल कचेरीचा सदरा. तो तिचा नवरा होता. हा माणूस बाथरूमची कडीसुद्धा लावायचा नाही, लिफ्ट दिसली की जिना धरायचा. घामाने निथळत, डोळे गच्च मिटून तो दोर ओढत होता.

"अहो, तुम्ही आत कसे?"

"बोलू नकोस," तो डोळे न उघडता म्हणाला. "बोललीस तर मी इथेच पडेन."

वर आले तेव्हा बाहेर लख्ख सकाळ होती. बेकरीवाल्याला दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण आखडला. डॉक्टरांनी त्याचं गुहेत जाणं कायमचं बंद केलं. महिनाभर तो कुणाशी धड बोलला नाही. मग एका गुरुवारी काठी टेकत जिना चढून माडीवर आला आणि म्हणाला, "सुईने वाऱ्याचं सांगितलं की नाही तुम्हाला?"

तिने सांगितलं होतं. हिवाळा सरल्यावर दोन्ही मंडळांनी मिळून ती खोली आधी आधार देऊन पक्की केली, मग मागच्या भिंतीतले दगड काढायला घेतले. कितीतरी रविवार गेले त्यात. बेकरीवाला गुहेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा. बाहेरचा माणूस आता कायमचा तोच.

शेवटचा दगड निघाला तेव्हा सर म्हणाले, "सुई, तू हो पुढे."

ती पोटावर सरपटत गेली. आधी वारा लागला, मग हाताखालची जमीन रुंद झाली, मग डोक्यावरचा दगड संपला. ती उभी राहिली. मोठा दिवा पेटवून समोर धरला. समोर काही नव्हतं. उजवीकडे, डावीकडे काही नव्हतं. वर धरला तर उजेड जात जात विरून गेला. तिने खडा उचलून भिरकावला. तो पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की फेकला होता हेच ती विसरली होती.

"काय दिसतंय?" मागून सरांनी हाक दिली.

ती नुसती बाजूला सरकून उभी राहिली. एकेक जण आत आला आणि उभाच राहिला. एरवी नकाशाच्या एका रेघेवरून भांडणारी ती माणसं शेजारी शेजारी ओल्या वाळूवर बसली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. दूर, खूप दूर, नदीसारखं काहीतरी वाहत होतं.

सगळ्यांच्या आधी ती बाहेर आली. बेकरीवाला खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

"बोल ना! केवढं आहे?"

ती त्याच्याजवळ गवतावर बसली. हातांनी दाखवायला गेली, हात पसरले, मग खाली ठेवले.

"दादा," ती म्हणाली, "दिवा पुरला नाही."

त्याने मान हलवली. पुन्हा हलवली. मग त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सांग," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांग. दगड काढला तिथून."