सरांची ईज

त्या दिशी ओतूरला पडवीत आमी तिघं व्हतो. कांती सर, त्येंचा धाकला भाऊ रमणशेठ, अन् मी, त्येंच्या घरी सैपाकाला. दुपारीच आभाळ काळं झालं, ईज चमकली, अन् मी हातातलं ताट टाकून आत पळाले. माझं मालक डिंगोऱ्याला बांधावर ईज पडूनच गेलं. तवापासनं मी अशीच पळायची.

सर कालेजातनं रिटायर झालेलं. लगीन केलं न्हाई. जुनी ग्रीक भाषा आपली आपण शिकलेलं, त्येचंच याड. रमणशेठचं कापडाचं दुकान. त्यो म्हनायचा, "दादा, त्या भाषेत कुनी वारभर कापड तरी मागतं का?" सर निस्तं हसायचं.

मला बाहेर बोलावून सर म्हनले, "सखूबाई, जी वीज खाली पडते तिला ग्रीक लोक केराउनोस म्हणायचे. ही चमकते ती वेगळी. हिचं नाव अस्तेरोपे. काही जण सांगतात, त्याचा अर्थ चांदणीचा डोळा. ही नुसती बघते. कुणाला नेत नाही."

मी म्हनलं, माझ्या तोंडात वीज बी बसत न्हाई, ईजच यती.

"त्यांचंही तसंच. कुणी अस्त्रपे म्हणायचं, कुणी अस्तेरोपे, कुणी पुढचा अ गाळून स्तेरोपे. तुझा व गळला. शब्द तोच."

मग ईज चमकली की आमी दोघं पडवीत हुभं राहून त्यो शबुद म्हनायचो. माझं भ्या गेलं.

पुढं सरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाक्टर म्हनला, आता बोलनं माघारी यायचं न्हाई. पानी पायजे तर पानी म्हनता यीना, डोळं भरून यायचं. मी घास भरवताना रोज म्हनायची, अस्तेरोपे. आधी "तेरोपे" आलं. मला वाटलं, यील. मग निस्तं "रोपे". रमणशेठ उठून भाईर गेला.

एका सांजंला ईज चमकली. मी त्येंना खाटंवर बसतं केलं. लई येळ व्हट हालत व्हतं. मग म्हनले, "पे." अन् बरुबर हाय का म्हनून माझ्याकडं बघत ऱ्हायले.

मी म्हनलं, "सर, शबुद त्योच."

त्याच आठवड्यात गेले.

आता मी डिंगोऱ्यात ऱ्हाती. हितं त्यो शबुद कुनाला ठावा न्हाई. माझं बी दात पडल्यात, तोंडातनं तेरोपेच यतं. तुमी वाचताय, तर ईज चमकली की येकदा आख्खा म्हना.