चिंध्या बांधलेले कुकर

मला सोडवलं ते बैहरच्या बसस्टँडमागं खानावळ चालवणाऱ्या मावशीनं. हे आधीच सांगून टाकतो. कारण ही गोष्ट ऐकताना लोक पोलिसांच्या साहेबांना नावं ठेवतात, नाहीतर माझी कीव करतात, आणि ती बाई राहूनच जाते.

मी वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. कुकर, मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं काम शिकून राज्याची हद्द ओलांडली, बालाघाटला आलो, मग मोटारसायकलवर बैहरच्या जंगलातली गावं फिरू लागलो. जागेवर दुरुस्त झाला नाही तो कुकर पोत्यात घालून खोलीवर न्यायचा आणि बाजाराच्या दिवशी परत द्यायचा. कुकर सगळे सारखेच दिसतात, म्हणून बायकांनीच रीत पाडली होती: जिनं तिनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दांड्याला बांधायची. नाव लिहायची भानगड नाही. मलाही ते बरंच होतं, माझं लिहिणं तसं यथातथाच.

एका सकाळी पोलिसांनी नाक्यावर अडवलं. पोत्यातून कुकरच कुकर निघाले, डिक्कीतून मिक्सरच्या तारा, टेस्टर, सेल. नक्षल्यांचा मुलूख तो. कुकरमध्ये बारूद भरून रस्त्यात पुरतात, हे तिथं सगळ्यांनाच माहीत.

"किसके हैं ये?" साहेबांनी विचारलं.

"गाँव की औरतों के, साहब."

"नाम बता."

नावं कुठून सांगू? म्हणालो, "ये हरी चिंधीवाली का, ये लाल फूलवाली का..."

शिपाई हसले. साहेब हसले नाहीत. ठाण्यात नेलं, मोबाइल काढून घेतला, बाकावर बसवलं.

मारलं कोणी नाही, खोटं कशाला बोलू. पण असल्या गुन्ह्यात नाव अडकलं की जामीन मिळता मिळता वर्षं जातात, हे ऐकून होतो. गावाकडं माय एकटी. तिला फोन लावू द्या म्हटलं, तर 'पहले पूछताछ' एवढंच उत्तर. मी कुठं आहे हे माझ्या माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी जेवायला आलो नाही म्हणून मावशीनं गावोगाव फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्यांकडं चौकशी केली आणि पदर खोचून थेट ठाण्यात, साहेबांच्या टेबलापुढं आली. ती मराठीत, साहेब हिंदीत. बालाघाटकडं असं चालतं.

"हा पोरगा रोज माह्याकडे जेवते. काहून बसवला याले?"

"बाई, खबर थी. इसी रास्ते पर मेरा एक सिपाही जान से गया है, ऐसे ही डब्बे से. इसे छोड़ दूँ और कल कुछ फट जाए, तो किसी की माँ को क्या मुँह दिखाऊँ?"

मावशीनं खोचलेला पदर सोडून नीट घेतला. मग म्हणाली, "थांबवा ना. मी कुठं नाही म्हणून राह्यली? पोतं उघडा, इचारपूस करा. पण पोरगा इथं हाय, हे त्याच्या मायले कळू द्या. वकील लागला तं बोलावू द्या. माणूस असा गायब होऊन राह्यला, तं उद्या तुमाले खबर द्याले कोण येईन?"

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. मग माझा मोबाइल माझ्यापुढं सरकवला.

मायनं पहिलं विचारलं, "जेवला का?" मी 'हौ' म्हणालो, तेव्हा शिपाई मावशीनं आणलेला डबा तपासत होता.

"पाहून घे बापा," मावशी म्हणाली, "वांगे हायत. फुटले तं पोटातच फुटतीन."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मावशीनं जीपवाल्यांकडून गावोगावी निरोप धाडले होते. सकाळीच बायका आल्या, कोणाच्या हातात फाटकं लुगडं, कोणी तेच नेसून. साहेबांनी कुकर ओळीनं मांडले. एकीनं चिंधी लुगड्याला लावून दाखवली आणि वर मलाच झापलं, "कब से भात जला रही हूँ, और तू यहाँ बैठा है!" ठाण्यात हसू फुटलं.

शेवटी एक निळ्या चिंधीचा कुकर उरला. साहेबांची नजर माझ्यावर. एक बाई पुढं होऊन म्हणाली, "मेराच है." मला सोडवायलाच. मावशीनं तिचा हात धरला. "झूठ मत बोल बाई. एक झूठ निकला, तो सब झूठे." मग सगळेच वाट बघत थांबलो. ऊन कलतं झालं तेव्हा कडेवर लेकरू घेऊन निळ्या लुगड्याची बाई दारात आली. तिची जीप चुकली होती, म्हणून चालत आली होती.

साहेबांनी चिंधी स्वतः जुळवून पाहिली. मला सोडताना म्हणाले, "चिंधी ठीक है. गाँव का नाम भी लिखा कर."

आता लिहितो. वेडंवाकडं का होईना, पण झाकणावर खडूनं गाव असतं. जंगल पुष्कळ शांत झालंय, नाकेही कमी झालेत. जो एक उरलाय तिथं मी स्वतःहून थांबतो. अजूनही छातीत धडधडतं. पण शिपाई कुकरच्या शिट्टीवरून "क्या सीटीवाले?" म्हणतो आणि पोतं बघून सोडतो.

मावशीचं माहेर रामपायली. तिथल्या राममंदिरात जायचं ती कधीची म्हणतेय, पण खानावळ कोण बघणार? मावशी, एक दिवस मी तुझ्या खानावळीला कुलूप घालीन आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी जीप करून तुला रामपायलीला नेईन. वाटेत नाका लागला तर तुझी पिशवीही उघडून दाखवू. तुझं एवढं देणं मी फेडणार, हे कबूल.