आमचं ‘नाही’ फाटकातून परत आलं

हॉलच्या दारात मॅडमनी मला उभं केलं. हातात स्टीलचं ताट. ताटात नागलीचे लाडू, एकेक लाडू कागदी द्रोणात. अंगावर आईचं लुगडं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं, वरून डोक्या-खांद्यावर घ्यायची फडकी.

“येईल त्याला एक द्यायचा. आणि हस गं जरा,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम म्हणजे नाशिकच्या ज्या संस्थेत मी काम करत होते तिच्या प्रमुख. संस्था सरकारी योजनांचे अहवाल लिहिते. मी तिथं कंत्राटावर दुभाषी. साहेब लोक डोंगरात जातात तेव्हा आमची बोली त्यांना मराठीत सांगायची आणि त्यांची मराठी आमच्या माणसांना.

आदल्या दिवशी मॅडमचा मेसेज आला होता. ‘उद्या चर्चासत्र आहे. तुमच्या त्या ड्रेसमध्ये ये.’ विषयही खाली लिहिला होता. दुर्गम आदिवासी भागाच्या विकासावर सरकारने खर्च करावा का? मला वाटलं, मला बोलायला बोलावलंय. सगळी संध्याकाळ बसून चार पानं लिहिली. घडी घालून कमरेला खोचली. रिक्षातली माणसं लुगड्याकडे बघत होती, बघू दे म्हटलं.

चार पानं कमरेला आणि हातात लाडवाचं ताट.

एका बाईनं माझी फडकी दोन बोटांत धरली. चोळून बघितली, दुकानात बघतात तशी.

“ओरिजिनल आहे का गं?”

“हो.”

“विकशील?”

मी हसले. सांगितलं होतं ना हसायला. त्या हसण्याची अजून किळस येते.

मी बी.ए. आहे. अर्थशास्त्र. आमच्या पाड्यावरची पहिली पदवी माझी. हे मी ताठ मानेनं सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगल्यात त्यांनी नम्र व्हावं. मला ते परवडत नाही.

लाडू संपले. मॅडमनी मला भिंतीकडेची खुर्ची दाखवली. स्टेजवर विषयाच्या बॅनरखाली तिघं बसले होते. मॅडम, निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, आणि साहेब. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आता संस्थेचे सल्लागार. या साहेबांबरोबर मी महिन्यापूर्वी माझ्याच पाड्यावर गेले होते. दुभाषी म्हणून.

पहिले बागायतदार बोलले. माइकची गरज नव्हती त्यांना.

“यांच्याच बाया येतात आमच्याकडं विरळणीला. हात लय हलका. घडाला धक्का लागत नाय. पण डोकं? डोकं तेवढं डोंगरावर ठेवून येतात!”

हॉल हसला. साडेतीनशे खुर्च्यांचा हॉल असेल. सगळा हसला.

माझी आई त्या बायांतली. घडातले नेमके कोणते मणी काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे कात्री हातात घेऊन दिवसभर ठरवायचं. एका घडावर चूक झाली तर माल परदेशी जात नाही. हे काम डोक्याशिवाय होतं म्हणे.

“सरकारनं किती ओतायचं तिकडं?” बागायतदार म्हणाले. “दहा घरं एका टेकडीवर, पाच दुसरीवर. सरळ खाली आणा त्यांना. आमच्याकडं काम हाय, छप्पर देऊ.”

छप्पर मला माहीत आहे. बागेच्या बांधावर निळा प्लास्टिकचा कागद. मी त्याखाली दहावीचा अभ्यास केलाय.

मग साहेब उठले. पडद्यावर फोटो आला. आमचा पाडा. ग्रामसभा. आणि कोपऱ्यात मी, ओढणी सावरून उभी.

इथं थांबून त्या दिवसाचं सांगितलं पाहिजे. नाहीतर माझं पुढचं बोलणं खोटं ठरेल.

शिमग्याचा आठवडा होता. बागांवर गेलेली माणसं शिमग्याला घरी येतात, म्हणून सगळा पाडा जागेवर होता. आमचं गाव पेसात आहे. म्हणजे आमच्या पाण्याचं, जंगलाचं, जमिनीचं काय करायचं ते गावसभेनं ठरवायचं, असा कायदा आहे. साहेब एका सरकारी योजनेचा निधी घेऊन आले होते. त्यांच्या नकाशात कड्यावर एक प्रेक्षणीय स्थळ होतं. रेलिंग, सेल्फीला चौथरा, गाड्यांना पार्किंग, भोवती कुंपण.

त्या कुंपणाच्या आत आमचा झिरा येत होता.

झिरा म्हणजे खडकातून पाझरणारं पाणी. शिमग्यापासून ते बारीक होतं. बाया वाटीनं पाणी उपसतात, एक हंडा भरायला बसून राहतात. पावसापर्यंत पाड्याला दुसरं पाणी नाही. माणसांनी निधीतून एकच मागायचं ठरवलं होतं. झिऱ्याला बांधीव टाकं आणि तिथून पाड्यापर्यंत पाइप. बस.

आमच्यात एक रीत आहे. पाहुणा आला की आधी पाणी. आणि ज्याला पाणी दिलं त्याला त्या दिवशी तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही. त्याचं बोलणं पटलं नाही तर सगळे गप्प बसतात. मग तिसऱ्या दिवशी दोन जाणती माणसं त्याच्या दारात जातात आणि ‘नाही’ सांगून येतात. सोयरिकीत असंच, जमिनीच्या बोलण्यात असंच. डोंगरातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

साहेबांना तांब्याभर पाणी दिलं. वाटीवाटीनं भरलेल्या हंड्यातलं. साहेबांनी आपली बाटली काढली, तिच्यातलं प्याले. तांब्यातलं पाणी बुटांवर ओतलं. धूळ होती बुटांवर.

सगळा पाडा बघत होता. कुणी काही बोललं नाही. पाहुणा होता.

साहेबांनी नकाशा दाखवला. मी आमच्या बोलीत सांगितला. तुम्हाला काय हवंय, हे साहेबांनी विचारलंच नाही. मग साहेब म्हणाले, “विचार, मंजूर ना?”

मी विचारलं. सगळे गप्प. लहानूकाका, म्हणजे माझ्या बाचे थोरले चुलते, खाली बघून काडीनं मातीत रेघा ओढत राहिले. आई माझ्याकडे बघत होती. त्या गप्पपणाचा अर्थ मला माहीत होता. माझ्या हाडात आहे तो.

साहेब म्हणाले, “काय म्हणतात?”

मी म्हणाले, “हो म्हणतात.”

का म्हणाले? पुष्कळ कारणं सांगता येतील. कंत्राट संपत आलं होतं. गाडी उभी होती. पण खरं सांगते. मला लाज वाटली. शिकलेल्या माणसासमोर आमची ती रीत, ती काडी, ती माती, तो गप्पपणा. ‘साहेब, तीन दिवस थांबा, मग सांगतील’ असं म्हणायची लाज वाटली. रानटी म्हणतील. साहेबांच्या बुटांवरून माझ्या आईनं भरलेलं पाणी ओघळत होतं, आणि लाज मला माझ्याच माणसांची वाटत होती.

बूट धुतल्याची किळस नंतर आली. आधी स्वतःची आली. तीही यायला महिना लागला.

तिसऱ्या दिवशी लहानूकाका आणि अजून एक म्हातारे तालुक्याला चालत गेले. साहेबांनी त्या आठवड्यात तिथल्या योजनेच्या ऑफिसात बसतो असं सांगितलं होतं. धुतलेली टोपी घालून गेले. ‘नाही’ सांगायला. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, “काय काम?” काका म्हणाले, “सायबाला सांगायचा आहा.” शिपाई म्हणाला, “अर्ज आणलाय का? साहेब नाशिकला गेलेत.” दोघं फाटकाबाहेर उन्हात बसले. ऑफिस बंद झालं तेव्हा उठले.

आईनं फोनवर एवढंच सांगितलं, “त्यांनी आपला सांगणा घेतलाच नाय. तू व्हतीस ना सायबासंगं, तू सांगितला आसंल.”

मी फोन ठेवला.

आता परत हॉलमध्ये. पडद्यावर तो फोटो आणि साहेबांच्या हातात लेझर. लाल ठिपका लहानूकाकांच्या टोपीवर.

“हे बघा,” साहेब म्हणाले. “इतकं शांत, समाधानी गाव. आम्ही प्रेक्षणीय स्थळ सुचवलं, एकमतानं मंजूर. पाणी मागितलं नाही, रस्ता मागितला नाही. मुद्दा हा की यांना काय हवंय हे यांनाच कळत नाही. मग खर्च करायचा का? करायचा, पण ठरवायचं आपण.”

टाळ्या.

टाळ्या चालू असताना मॅडम माझ्या खुर्चीजवळ आल्या. हातात फाइल. वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “त्या दिवशी तुझी सही राहिली बघ. उद्या फाइल पुढं जायचीय. आणि तुझं कंत्राट पण वाढवून टाकू.”

मी वाचलं. ‘सदर ठराव ग्रामस्थांना त्यांच्या बोलीत समजावून सांगण्यात आला व त्यांनी तो एकमताने मान्य केला.’ खाली रेघ. रेघेखाली माझं नाव टाइप केलेलं. माझ्या सहीशिवाय ठराव पुरा नव्हता. माझ्या सहीनं झिऱ्याला कुंपण पडणार होतं.

पेन मॅडमनीच उघडून दिलं. त्यांचंच. टोपण काढून.

मी पेन घेतलं. रेघेवर लिहिलं, ‘ग्रामस्थ गप्प होते. आमच्यात त्याचा अर्थ नाही असा होतो. मी चुकीचं सांगितलं.’ खाली सही केली. पूर्ण नाव, पुढं बी.ए.

मॅडमनी वाचलं. चेहरा उतरला नाही, उलट त्या चिडल्या.

“हे काय लिहिलंस? अगं, तुझ्याच गावासाठी चाललंय ना सगळं!”

मी उभी राहिले. माइक नव्हता. बागायतदारांना लागला नाही, मलाही लागला नाही.

“साहेब, फोटोतली ती मुलगी मी आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. गावानं हो म्हटलं नव्हतं. गावाला झिऱ्याचं टाकं आणि पाइप हवाय. तुमचं रेलिंग नकोय.”

कुणीतरी मागून म्हणालं, “अरे, लाडूवाली बोलतेय.”

थोडे हसले. पहिल्यासारखं नाही.

कमरेची चार पानं काढली. वाचली नाहीत, हातात धरली. मी म्हणाले, “खर्च करावा का, असं विचारताय. आमच्या पाड्याखालच्या ओहोळाला वळण बंधारा घातला आणि पाणी इकडं बागांकडं वळवलं. त्या खर्चावर कुणी बॅनर लावला होता का? तेव्हा डोंगर दुर्गम नव्हता. मशिनी आल्या, सिमेंट आलं, साहेब आले. पाणी खाली न्यायला रस्ता सापडतो. वर पाइप न्यायचा म्हटलं की चर्चासत्र.”

बागायतदार म्हणाले, “ए पोरी, पाणी सरकारचं असतं.”

“मग खर्चही सरकारचाच. करायलाच पाहिजे. पण कशावर, ते आमची सभा सांगेल. सभा गप्प बसली तर तीन दिवस थांबा, आणि फाटक उघडं ठेवा.”

साहेबांनी लेझर बंद करून खिशात ठेवला. मॅडम माइकवर म्हणाल्या, “आपण चहासाठी थांबू या.” सगळे उठले. माझ्या बाजूनं जाताना माणसं अंग चोरून गेली. कुणी भांडलंही नाही. नागलीचे अर्धे खाल्लेले लाडू खुर्च्यांखाली पडले होते. पावसात चिखलात वाकून आमच्या बायांनी लावलेली नागली. मी वाकून एकही उचलला नाही. ताट तिथंच ठेवलं.

बाहेर मॅडमनी गाठलं. “उद्यापासून येऊ नकोस.”

“त्या कागदाचा फोटो काढलाय मी,” मी म्हणाले. तो खरंच काढला होता, पेन परत देण्याआधी.

हे लिहिलं म्हणून माझं ‘हो’ पुसलं जात नाही. काकांना मी अजून सांगितलेलं नाही की ज्या दिवशी ते फाटकाबाहेर उन्हात बसले, त्या दिवशी त्यांचं ‘नाही’ आधीच मी विकून आले होते. परवाच्या सभेत सांगणार आहे. सगळ्यांसमोर, आमच्या बोलीत. शिव्या देतील. दिल्या पाहिजेत.

मग नवा ठराव. मीच लिहिणार. टाकं आणि पाइप. रेलिंग नामंजूर. सही-अंगठ्यांनी पान भरेल, आणि ते पान फाटकावर शिपायाच्या हातात द्यायचं नाही. टेबलावर ठेवायचं आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि एक रीत मी मोडणार आहे. लहानूकाकांना आवडणार नाही, तरी मोडणार. पुढचे साहेब येतील. येतीलच. त्यांना मी तांब्याभर पाणी देईन. पाण्याला आमच्या घरात कधी नाही म्हटलेलं नाही. पण तिसऱ्या दिवसाची वाट बघणार नाही. त्यांच्या हातात तांब्या असतानाच, त्यांच्या तोंडावर, त्यांना कळेल त्या मराठीत सांगेन.

नाही.